शस्त्रपरवाना : मोजमाप की शेरा?

देशातल्या कोणत्याही जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृहशाखेत शस्त्रपरवान्याची एखादी नस्ती उघडून पाहावी. अर्ज, ओळखीचा पुरावा, निवासाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलिस ठाण्याचा अहवाल, त्यावर वरिष्ठांचा शेरा, त्या शेऱ्यावर आणखी एक शिफारस. २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर यात प्रशिक्षणाच्या एका प्रमाणपत्राचीही भर पडली आहे आणि ती स्वागतार्हच आहे. पण ते प्रमाणपत्रही शेवटी नस्तीतले एक पान होऊन बसते. हा माणूस भरलेले पिस्तूल हातात घेऊन वळला तर नळी कोणाच्या दिशेने फिरते, चापावर बोट केव्हा जाते, दहा मीटरवरच्या लक्ष्यावर त्याची गोळी लागते की शेजारच्या भिंतीवर, याचे उत्तर त्या नस्तीत सापडत नाही. पाच वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा तेच कागद येतात आणि पुन्हा तोच शेरा लिहिला जातो: 'हरकत नाही.'

माझे म्हणणे स्पष्ट आहे. आपले शस्त्र-प्रशासन माणसाचे कागद तपासते, हात तपासत नाही. शस्त्राचा क्रमांक पडताळते, शस्त्र पडताळत नाही. आणि ज्या खेळाने हात व हत्यार या दोन्ही गोष्टी मोजून दाखवण्याची शिस्त घालून दिली, त्या खेळाकडे आपली यंत्रणा संशयाने पाहते. हा खेळ म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंग. प्रशासनाविषयीच्या लेखनात एका खेळाची चर्चा का, असे कोणी विचारील. या खेळाची नियमपुस्तिका मला नियमनाचा एक उत्तम पाठ वाटते, म्हणून.

प्रॅक्टिकल शूटिंगचा उगम १९५० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियातला. १९७६ साली अमेरिकेत मिसुरी राज्यातील कोलंबिया येथे भरलेल्या परिषदेत त्याची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, स्थापन झाली आणि जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. संघटनेच्या बोधचिन्हावर तीन लॅटिन शब्द आहेत. त्यांचा अर्थ अचूकता, बल आणि वेग. ऑलिंपिकमधला नेमबाज एका जागी स्थिर उभा राहून एकाच लक्ष्यावर नेम धरतो. येथे मात्र खेळाडू होल्स्टरमधून पिस्तूल काढतो, एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो, आडोशामागून नेम धरतो, धावपळीत मॅगझिन बदलतो. प्रत्येक स्टेजची रचना वेगळी असते. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले की जो आकडा येतो त्याला 'हिट फॅक्टर' म्हणतात. बारा गोळ्यांच्या स्टेजमध्ये एकाने साठपैकी साठ गुण दहा सेकंदांत मिळवले तर त्याचा हिट फॅक्टर ६. दुसऱ्याने चोपन्न गुण आठ सेकंदांत मिळवले तर ६.७५. म्हणजे दुसरा पुढे. पण घाई महाग पडते. लक्ष्य पूर्ण चुकले तर दहा गुण वजा. लक्ष्यांच्या मधे निरपराध माणसाच्या जागी उभे केलेले फलक असतात. त्यांना गोळी लागली तरी दहा गुण वजा. वेगाची हाव आणि अचूकतेची जबाबदारी यांचा हिशेब एकाच भागाकारात मांडलेला आहे.

सुरक्षेचा नियम तर याहून कठोर. मैदानावर प्रत्येकाचे पिस्तूल रिकामे असते; रेंज ऑफिसरच्या आज्ञेनेच ते भरायचे आणि त्याच्याच देखत रिकामे करून दाखवायचे. नळी ठरलेल्या कोनापलीकडे मागे वळली, भरलेले पिस्तूल हातातून पडले, अनवधानाने गोळी सुटली, तर खेळाडू त्या संपूर्ण स्पर्धेतून बाद. विश्वविजेता असो वा नवखा, तेथे शिफारशीची चिठ्ठी चालत नाही. आमच्याकडे विवाहाच्या मिरवणुकीत परवान्याच्या बंदुकीतून हवेत गोळ्या झाडण्याची प्रथा उत्तर भारतात इतकी बोकाळली की २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी स्वतंत्र तरतूद करावी लागली. त्या बंदुकांच्या मालकांच्याही नस्त्या एकेकाळी 'हरकत नाही' या शेऱ्याने पूर्ण झालेल्या होत्या.

आता शस्त्रातील बदलांकडे वळू. प्रॅक्टिकल शूटिंगचे खेळाडू आपल्या पिस्तुलात बदल करतात, हे ऐकताच आपल्या कार्यालयांच्या भुवया उंचावतात. 'बदल' म्हणजे 'फेरफार' आणि 'फेरफार' म्हणजे गुन्हा, असे समीकरण आपल्या मनात ठसलेले आहे. त्या खेळाने हा प्रश्न कसा सोडवला ते पाहावे. बदल करू नका, असे तो सांगत नाही. कोणता बदल केला तर कोणत्या गटात खेळावे लागेल, एवढे तो ठरवून देतो. 'प्रॉडक्शन' गटात पिस्तूल जवळजवळ कारखान्यातून आले तसेच हवे. चाप ओढण्याचा भार पहिल्या गोळीसाठी किमान २.२७ किलो किंवा प्रत्येक गोळीसाठी किमान १.३६ किलो हवा. 'स्टँडर्ड' गटात बदलांना अधिक वाव. परंतु मॅगझिनसह पिस्तूल २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत मावलेच पाहिजे. 'ओपन' गटात प्रकाशबिंदूची साइट चालते, नळीच्या टोकाशी धक्का कमी करणारा कॉम्पेन्सेटरही चालतो. गोळीचे बलही मोजले जाते: गोळीचे ग्रेनमधील वजन गुणिले तिचा फूट प्रतिसेकंद वेग, भागिले एक हजार. हा आकडा किमान १२५ भरला पाहिजे. वेग मोजायला क्रोनोग्राफ, चाप मोजायला वजन, आकार मोजायला पेटी. तपासणी स्पर्धेच्या जागीच होते, सर्वांना सारखी होते आणि काही मिनिटांत संपते. निकाल आकड्यात असतो, त्यामुळे वादाला जागा फार थोडी उरते.

ऑलिंपिक प्रकारांतही तत्त्व हेच. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात चापाचा भार किमान एक किलो असावा लागतो आणि पिस्तूल ठरावीक मापाच्या पेटीत बसावे लागते. त्या मर्यादेत मूठ खेळाडूच्या पंजाप्रमाणे घडवलेली असते. चष्म्याचा क्रमांक जसा ज्याचा त्याचा, तशीच पिस्तुलाची मूठ.

आपला कायदा काय म्हणतो? शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवान्यावाचून नळी आखूड करणे अथवा नकली शस्त्राचे खरे शस्त्र करणे निषिद्ध आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात शस्त्राचा प्रवर्ग बदलण्याचीही भर घातली आणि शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी केली. या कलमाशी माझे भांडण नाही. लपवता यावे म्हणून आखूड केलेली नळी किंवा आपोआप गोळ्या झाडू लागलेले पिस्तूल समाजाला घातकच असते. माझे भांडण त्या कलमाच्या भीतीने जे घडते त्याच्याशी आहे. मूठ बदलली, साइट बदलली, चापाची स्प्रिंग बदलली, तर तो कलम ६ मधला बदल होतो का? कायद्याचा साधा वाचक सांगेल, नाही. परंतु 'हे चालेल' असे नियमात ठळकपणे लिहिलेले नसल्यामुळे कोणताही कनिष्ठ अधिकारी ती जोखीम पत्करीत नाही. अस्पष्ट नियमापुढे सावध कर्मचारी नेहमी नकाराचाच आश्रय घेतो. नकारासाठी कोणालाही जाब द्यावा लागत नाही.

याचे एक उदाहरण मी अपील प्राधिकारी असताना माझ्यापुढे आले होते. एका खेळाडूने सेंटर फायर प्रकारासाठी आपल्या .३२ बोअरच्या पिस्तुलाला लाकडी मूठ आणि सरकवता येणारी साइट बसवून घेतली होती. नूतनीकरणाच्या वेळी ठाण्याच्या अहवालात एक वाक्य आले: 'मूळ शस्त्रात फेरफार केल्याचे दिसून येते.' त्या एका वाक्यावर नस्ती चौदा महिने फिरली. अभिप्राय मागवले गेले, अभिप्रायांवर अभिप्राय आले; पण कोणीही शस्त्र मोजले नाही. सुनावणीत मी पोलिस दलातील आर्मोररला बोलावून घेतले. त्याने नळीची लांबी, बोअर आणि यंत्रणा तपासली. तिन्ही मूळ नोंदीप्रमाणेच होती. या कामाला पंधरा मिनिटे लागली. अपील मंजूर झाले, परंतु त्या खेळाडूचे दोन हंगाम बुडाले ते बुडालेच. यात कोणी लाच मागितली नव्हती, कोणाचा आकस नव्हता. सर्वांनी आपापले काम चोख केले होते आणि म्हणूनच ते प्रकरण मला अधिक चिंताजनक वाटले.

दुसरी भिंत बोअरची. आयपीएससीच्या स्पर्धांत ९ × १९ मिलिमीटरपेक्षा लहान काडतूस चालत नाही. आपल्याकडे सेनादलांचे ९ मिलिमीटर काडतूस झाडू शकणारे पिस्तूल निषिद्ध प्रवर्गात मोडते; केंद्र सरकारच्या विशेष परवानगीवाचून ते बाळगता येत नाही. सामान्य परवानाधारकाच्या हाती येते ते .३२ बोअर. या पिस्तुलाची ७१ ग्रेनची गोळी सुमारे ९०० फूट प्रतिसेकंद वेगाने जाते. गुणाकार-भागाकार केला तर बल भरते सुमारे ६४. लागतात १२५. म्हणजे आपला परवानाधारक कितीही तरबेज असला तरी जागतिक स्पर्धेच्या तपासणीच्या टेबलापाशीच अडतो. निषिद्ध बोअरच्या संकल्पनेमागे एक कारण होते: सैन्याची काडतुसे चोरीला गेली तर ती नागरी शस्त्रांत वापरता येऊ नयेत. कारण समजण्यासारखे आहे. परंतु क्लबच्या शस्त्रागारात कुलूपबंद ठेवलेल्या आणि मैदानावरच, मोजून दिलेल्या काडतुसांनी वापरायच्या पिस्तुलाला ते लागू होते का, याचा विचार करावयास हवा.

नामवंत नेमबाजांना सवलती आहेत, हे मी विसरलेलो नाही. सामान्य परवानाधारकाची शस्त्रमर्यादा २०१९ मध्ये तीनवरून दोनवर आली. त्याच वेळी आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना व नामवंत नेमबाजांना २०२० च्या अधिसूचनेने सूट असलेल्या प्रवर्गात कमाल बारा शस्त्रे ठेवण्याची मुभा दिली. शस्त्रांची आयातही मुख्यतः त्यांनाच आणि रायफल क्लबांनाच खुली आहे. येथेच आपल्या विचारपद्धतीतला दोष दिसतो. सवलत पदकानंतर मिळते; ती लागते पदकाआधी. शिखरावर पोचलेल्याला दोर द्यायचा आणि पायथ्याशी उभ्या असलेल्याकडे 'फेरफार' म्हणून बोट दाखवायचे, ही कसली क्रीडानीती?

कौशल्य कसे घडते, हेही आपल्या यंत्रणेला ठाऊक असावयास हवे. या खेळातला बराचसा सराव गोळीविनाच होतो. रिकाम्या पिस्तुलाने, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, होल्स्टरमधून काढणे, मूठ पकडणे, साइट लक्ष्यावर आणणे आणि साइट हलू न देता चाप ओढणे हे शेकडो वेळा करायचे. मग टायमर लावून तेच. मग मैदानावर खऱ्या गोळीने त्याची परीक्षा घ्यायची आणि वहीत आकडा लिहायचा. जो आकडा लिहीत नाही तो सुधारत नाही, हे तेथे पहिल्या महिन्यातच कळते. परंतु कोरड्या सरावाला शेवटी खऱ्या गोळीची जोड लागतेच. गंभीर खेळाडू वर्षाकाठी हजारो गोळ्या झाडतो; आपण परवान्यावर काडतुसांची संख्या नोंदवतो ती जणू तो वर्षातून एकदा दसऱ्याला शस्त्रपूजन करणार आहे, अशा हिशेबाने.

याचा संबंध केवळ हौशी खेळाडूंशी असता तर मी एवढा शब्दप्रपंच केला नसता. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर राज्य शासनाने नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांच्या सराव-गोळीबारासाठी दारूगोळ्याचा तुटवडा असल्याची नोंद केली होती. ज्या राज्यात खडकीला काडतुसांचा सरकारी कारखाना आहे, त्या राज्यातली ही गोष्ट. त्यानंतर शस्त्रे नवी आली, वाहने आली, दले उभी राहिली. पण सामान्य शिपायाचा वार्षिक गोळीबार आजही बहुतांशी एका जागी उभे राहून किंवा पडून, स्थिर फलकावर, ठरलेल्या गोळ्या संपवण्याचाच असतो. गर्दीत गोळी न झाडण्याचा निर्णय एका सेकंदात घ्यायला तो शिकणार कोठे? निरपराधाच्या फलकाला गोळी लागल्यास दहा गुण कापणारा खेळ त्याला ते शिकवू शकतो. पोलिस दलांच्या मैदानांवर ही पद्धत आणायला कायद्यातली एक ओळही बदलावी लागत नाही.

यावर माझे सहकारी तीन आक्षेप घेतात.

पहिला, हा श्रीमंतांचा शौक आहे. आज तो तसा आहे, हे खरे. पण तो कशामुळे? आयातीचे दार अरुंद, देशात खेळाचे पिस्तूल दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर दुर्मीळ, काडतुसे महाग. दुसरीकडे बिहारमधील मुंगेरला पिढ्यान्पिढ्या हातात कसब असलेले कारागीर आहेत. तेथील परवानाधारक बंदूक-कारखान्यांना काम पुरत नाही आणि त्याच गावाचे नाव देशभर अवैध पिस्तुलांसाठी घेतले जाते. प्रामाणिक कसबाला आपण गिऱ्हाईक दिले नाही; अप्रामाणिक गिऱ्हाइकाने ते शोधून काढले.

दुसरा आक्षेप, खेळाच्या आडून शस्त्रे बाहेर जातात. सवलतीच्या गैरवापराची प्रकरणे देशात घडलेली आहेत आणि दोषींना कठोर शासन झालेच पाहिजे. पण असा गैरवापर शक्य होतो, कारण आपण दारातच कागद तपासतो आणि नंतर काहीच तपासत नाही. एवढी काडतुसे घेतली, मग स्पर्धा किती खेळला, गुण किती, हा साधा ताळा जुळवला तरी खोटा नेमबाज उघडा पडेल. आकड्यांची भीती प्रामाणिक खेळाडूला नसते.

तिसरा आक्षेप, शस्त्रे जितकी कमी तितकी बरी. याच्याशी मी बव्हंशी सहमत आहे. डनब्लेनच्या शाळेत मार्च १९९६ मध्ये सोळा मुले व त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्यानंतर ब्रिटनने १९९७ मध्ये खाजगी पिस्तुलांवर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. त्यांच्या पिस्तूल-नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावे लागले. तरी देशाने ती किंमत जाणून मोजली. हा एक स्पष्ट निर्णय होता. आपण तसा निर्णयही घेत नाही. आपल्याकडे प्रतिष्ठेसाठी पिस्तूल कमरेला लावून मिरवणाऱ्याला परवाना मिळतो, त्याच्या हाताची परीक्षा होत नाही. आणि ज्याचा हात रोज परीक्षेला बसतो, त्याच्या मुठीच्या लाकडावर चौदा महिने खल चालतो. हा सैलपणाही नव्हे आणि कडकपणाही नव्हे. १८७८ च्या शस्त्र कायद्यामागे परक्या सरकारला प्रजेची भीती होती. तो कायदा गेला, पण नस्ती हाताळण्याची ती भीतीची सवय राहिली.

म्हणून माझ्या सूचना अशा:

१. नियमांत दोन याद्या असाव्यात. मूठ, साइट, ठरलेल्या किमान भाराच्या मर्यादेतील चाप हे बदल पहिल्या यादीत, म्हणजे केवळ नोंद पुरेशी. नळी, बोअर आणि गोळी झाडण्याची यंत्रणा दुसऱ्या यादीत, म्हणजे पूर्वपरवानगी अनिवार्य.

२. बदलाची नोंद मोजमापासह असावी आणि ती प्रशिक्षित आर्मोररने करावी. 'फेरफार दिसून येतो' असा शेरा मोजमापावाचून ग्राह्य धरू नये.

३. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी, अर्जदार कोणीही असो, मैदानावर प्रत्यक्ष हाताळणीची परीक्षा व्हावी. नळी माणसाकडे वळली की नूतनीकरण नाही. माझी खात्री आहे की या एका अटीने परवान्यांची संख्या कोणत्याही बंदीपेक्षा अधिक झपाट्याने घटेल.

४. ९ मिलिमीटरची स्पर्धेची पिस्तुले मान्यताप्राप्त क्लबांच्या शस्त्रागारात, केंद्राच्या परवानगीने, रोजच्या काडतूस-नोंदवहीसह ठेवू द्यावीत. ती घरी नेण्याची मुभा असू नये.

५. प्रत्येक पोलिस घटकाने दरडोई किती गोळ्यांचा सराव झाला आणि निकाल काय लागला, हे दरवर्षी जाहीर करावे.

महाराष्ट्राबाहेर, इंदूरला वा बंगळूरला, किंवा देशाबाहेर राहणाऱ्या वाचकांपैकी काहींनी हा खेळ जवळून पाहिला असेल, एखाद्याने खेळलाही असेल. त्यांनी आपापल्या ठिकाणची पद्धत मला अवश्य लिहून कळवावी: परवाना कोण देतो, परीक्षा कोण घेतो, बदलांची नोंद कोठे होते. शासनाला सूचना पाठवताना 'अन्यत्र असे चालते' या वाक्याला आपल्याकडे अजून वजन आहे. ते वाक्य मोजमापासह असेल, तर अधिकच.